जोशी, अरविंद कृष्ण

जोशी, अरविंद कृष्ण : (५ ऑगस्ट १९२९ – ३१ डिसेंबर २०१७). संगणकीय भाषाविज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता व बोधविज्ञान या क्षेत्रांत पायाभूत काम करणारे भारतीय-अमेरिकन शास्त्रज्ञ. जन्म पुण्यात. पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी (१९५०), बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची पदविका (१९५२), फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीतील पीएच.डी. (१९६०). अध्यापन त्याच विद्यापीठात. १९७२ ते १९८५ संगणक विभागाचे प्रमुख.

विद्यार्थिदशेतच भाषावैज्ञानिक झेलिग हॅरिस यांच्या प्रकल्पात त्यांनी यूनिव्हॅक संगणकावर इंग्रजी वाक्यांचे पृथक्करण करणारी प्रणाली घडवण्यात भाग घेतला (१९५८-५९).

वृक्ष-संयोजी व्याकरण : लिऑन लेव्ही व मासाको ताकाहाशी यांच्यासह १९७५ मध्ये मांडले, ‘टॅग’ या संक्षेपाने परिचित. यात व्याकरणाचा घटक म्हणजे नियमांची ओळ नसून लहानसा रचनावृक्ष असतो. ‘मुलगा आला’ या वृक्षात ‘काल’चा वृक्ष मधोमध बसवला की ‘मुलगा काल आला’ तयार होते. कर्ता व क्रियापद यांच्यातील अंतर वाढले, तरी त्यांचे नाते एकाच मूळ वृक्षात नोंदलेले राहते. मानवी भाषेला किती गणनशक्ती पुरते, या प्रश्नाला त्यांनी १९८५ मध्ये ‘सौम्य संदर्भसापेक्षता’ (संदर्भमुक्त व्याकरणाहून किंचितच अधिक शक्ती) असे उत्तर दिले. ही मर्यादा सर्व भाषांना पुरते का, यावर मतभेद आहेत. जर्मनमधील मुक्त शब्दक्रमाच्या काही रचना ‘टॅग’मध्ये बसत नाहीत, असे खुद्द जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवले.

मराठी-इंग्रजी मिश्र वाक्ये : मराठी वाचकाने मुद्दाम वाचावा असा त्यांचा निबंध १९८२ मध्ये प्राग येथील संगणकीय भाषाविज्ञान परिषदेत सादर झाला. त्यातील सामग्री मराठी-इंग्रजी द्विभाषकांच्या बोलण्याची आहे. एकाच वाक्यात दोन भाषा मिसळल्या, तरी वाक्य कोणत्या भाषेचे आहे याविषयी बोलणारा व ऐकणारा यांचे सहसा एकमत असते, हे त्यांचे मूळ निरीक्षण. मराठी ही आधारभाषा, इंग्रजी ही अंतर्भूत भाषा; मराठीच्या चौकटीतून इंग्रजीत जाता येते, उलट नाही. कर्जत-खोपोलीहून रोज मुंबईला जाणाऱ्या नोकरदाराच्या तोंडी ‘ओल्ड बिल्डिंगच्या टॉप फ्लोअरवर राहतो’ हे वाक्य सहज येईल. ‘टॉप फ्लोअर ऑन राहतो’ असे तो कधीच म्हणणार नाही (उदाहरणे प्रस्तुत नोंदकाराची). शब्दयोगी अव्यये, साहाय्यक क्रियापदे, काळाचे प्रत्यय अशी मोजक्या शब्दांच्या वर्गातील रूपे आधारभाषेचीच राहतात, इंग्रजीत बदलता येत नाहीत, असा नियम जोशींनी मांडला. इतर भाषाजोड्यांतून पुढे त्याला अपवाद सुचवले गेले. तरीही भेसळ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बोलीत काटेकोर व्याकरण असते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे काम त्यापूर्वी क्वचितच झाले होते.

मानसशास्त्रीय काम : एमन बाख व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रयोगांतून दाखवले, की क्रियापदांची गुंतागुंत वाढली की डच भाषकांना त्यांची परस्परांना छेदणारी रचना जर्मन भाषकांच्या एकात एक बसणाऱ्या रचनेपेक्षा सोपी जाते. साध्या थप्पीसारख्या स्मृतीच्या प्रतिमानात हे उलट व्हायला हवे. जोशींनी १९९० मध्ये थप्प्यांचीच थप्पी असलेल्या, ‘टॅग’शी समतुल्य यंत्राने त्याचा उलगडा केला : वाक्य समजून घेताना किती घटक किती वेळ मनात धरून ठेवावे लागतात, यावर श्रम ठरतात.

बोधविज्ञान संस्था : मानसशास्त्रज्ञ लायला ग्लाइटमन यांच्यासह पेनसिल्व्हेनियात स्थापन केली, दोघे सहसंचालक.

इतर काम : संभाषणातील केंद्रस्थानाचा सिद्धांत (बार्बरा ग्रोझ व स्कॉट वाइनस्टाइन यांच्यासह), सुपरटॅगिंग (श्रीनिवास बंगलोर यांच्यासह), पेन डिस्कोर्स ट्रीबँक.

विद्यार्थी : कॅथलीन मॅककोवन, के. विजयशंकर, डेव्हिड वीर, ओवेन रॅम्बो इत्यादी.

सन्मान : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा संशोधन-उत्कृष्टता पुरस्कार (१९९७), संगणकीय भाषाविज्ञान संघटनेचा पहिला जीवनगौरव (२००२), रुमेलहार्ट पारितोषिक (२००३), बेंजामिन फ्रँकलिन पदक (२००५).