तळटीप : ‘विद्यापीठाचा इंग्रजी विभाग’
‘विद्यापीठाचा इंग्रजी विभाग’ : येथे अभिप्रेत पुणे विद्यापीठ. त्याची स्थापना १९४९ची. पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर. २०१४पासून नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. मात्र पुण्यातले इंग्रजीचे अध्यापन विद्यापीठाहून बरेच जुने आहे. त्यापूर्वी येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. पुढे ‘द लाइट ऑफ एशिया’ (१८७९) लिहिणारे एडविन आर्नल्ड पूना कॉलेजचे प्राचार्य होते. हे पूना कॉलेजच १८६४मध्ये डेक्कन कॉलेज झाले. कवी वर्ड्‌सवर्थचे नातू, प्रा. विल्यम वर्ड्‌सवर्थ, हेही डेक्कनचे प्राचार्य होते. त्यामुळे १९४९पूर्वीच्या आठवणींत ‘विद्यापीठाची परीक्षा’ म्हणजे मुंबई विद्यापीठाची, हे ध्यानात ठेवावे.

‘विभाग’ या शब्दानेही घोटाळा होतो. गणेशखिंडीत, पूर्वीच्या गव्हर्नरांच्या निवासाच्या आवारात आहे तो पदव्युत्तर अध्यापनाचा आणि संशोधनाचा विभाग. संलग्न महाविद्यालयांसाठी अभ्यासक्रम आखते ते अभ्यास मंडळ, ते वेगळे. शिरूरचे (घोडनदी) चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय किंवा दौंडचे के. जी. कटारिया महाविद्यालय येथील इंग्रजी विभाग त्या त्या महाविद्यालयाचे. पुस्तके ठरतात पुण्यात, शिकवली जातात घोडनदीच्या काठी आणि दौंड जंक्शनच्या गावात. शिरूरला इंग्रजी आली ती ब्रिटिश छावणीबरोबर, दौंडला रेल्वेबरोबर. दोन्हीकडे ती वर्गाआधी कामाची भाषा होती. — संपादक