स्तंभनदोष : रक्तवाहिन्यांचे कारण आणि त्याची नोंद

शिश्नाच्या रक्तप्रवाहातील बिघाडामुळे उद्भवणाऱ्या स्तंभनदोषासाठी अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या ‘आयसीडी-१०-सीएम’ या रोगवर्गीकरणात तीन स्वतंत्र संकेतांक आहेत. धमन्यांतून रक्त अपुरे येत असल्यास एन ५२.०१, आलेले रक्त टिकून न राहता शिरांवाटे निसटत असल्यास एन ५२.०२ आणि दोन्ही दोष एकत्र असल्यास एन ५२.०३. हैदराबादेतील अनेक मेडिकल कोडर अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींवर काम करतात. त्यांच्या हे परिचयाचे असते.

हा भेद बहुधा डॉप्लर तपासणीत स्पष्ट होतो. औषध टोचल्यानंतर धमनीतील रक्ताचा सर्वोच्च वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास धमनीदोष संभवतो. मात्र आकडे पाहून कोडरने निदान करायचे नसते. ते डॉक्टरांनीच शब्दांत लिहावे लागते. नुसते ‘स्तंभनदोष’ एवढेच लिहिलेले असेल, तर एन ५२.९ हा मोघम संकेतांक पडतो. बाह्यरुग्ण विभागात ‘संशयित’ निदान संकेतांकासाठी ग्राह्य धरले जात नाही. मधुमेहजन्य दोषात आधी मधुमेहाचा संकेतांक, मग एन ५२.१.

संकोचापोटी ही नोंद मोघम राहणे घातक ठरू शकते. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने त्यांतील अडथळा अनेकदा हृदयविकाराच्या लक्षणांआधी काही वर्षे जाणवतो. म्हणून अशा रुग्णाचा रक्तदाब, रक्तशर्करा, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपानाची सवय यांची नोंदही त्याच कागदावर असावी.