पाय लावून देऊ का?

१९७२ साली आकुर्डीहून बजाजची चेतक आली. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल. प्लगवर काजळी धरायचीच. स्कूटर बंद पडली की अनोळखी माणूस थांबून विचारायचा, "प्लग काढून बघितला का?" मग पाना, पॉलिश पेपरचा तुकडा, फडक्यात धरलेला गरम प्लग, एक फुंकर, पुन्हा किक. पेट्रोल संपत आलं तर स्कूटर आडवी करायची, हे माझ्या वडिलांना एका दूधवाल्याने रस्त्यातच शिकवलं.

मोटरसायकलवाल्यांची तऱ्हा वेगळी: चालत्या गाडीवरून बंद गाडीच्या मागच्या फूटरेस्टला पाय टेकवायचा आणि पंपापर्यंत ढकलत न्यायचं. धोका आहेच, तरी मला ही माणुसकी फार मोठी वाटते. २०२० च्या बीएस-६ प्रदूषण-नियमांनंतर बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. रस्त्यात उघडून बघण्यासारखं फारसं उरलं नाही. पाय लावणारे मात्र सिंहगड रोडला आजही थांबतात.