भिंतीला जडलेलें स्वयंपाकघर

स्वयंपाकघरांतील कपाटें, ओटे व फडताळें ठराविक मापानें तयार करून भिंतीला जडविण्याचा जो धंदा पुढें देशोदेशीं पसरला, त्याचा आरंभ शोधूं जातां एखाद्या नामांकित सुताराच्या दुकानापेक्षां फ्रँकफर्ट शहराच्या बांधकाम खात्याकडेच अधिक लक्ष द्यावें लागतें.

पहिलें महायुद्ध १९१८ मध्यें संपलें तेव्हां जर्मनींत घरांचा मोठा तुटवडा होता. १९२५ मध्यें एर्न्स्ट माय यांच्या हातीं फ्रँकफर्टच्या बांधकामाचीं सूत्रें आलीं, आणि कामकरी कुटुंबांसाठीं नव्या वसाहती उठूं लागल्या. पैसा थोडा, जागा त्याहून थोडी. तोंवर कुटुंबाचें मेज व भांड्यांचें उंच कपाट बिऱ्हाडाबरोबर येई आणि बिऱ्हाडाबरोबरच जाई. नव्या घरांत असलें सामान मावणें कठीण होतें.

हें कोडें मार्गारेटे लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या स्थापत्यविशारद बाईंकडे आलें. त्यांचा जन्म १८९७ चा. मौज अशी कीं, लिहोट्स्कीबाईंना स्वतःला स्वयंपाक येत नव्हता. उतारवयांत त्यांनींच तें मोकळ्या मनानें सांगितलें. परंतु अमेरिकेंतील ख्रिस्तीन फ्रेडरिक यांच्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथाचें जर्मन भाषांतर त्यांच्या वाचनांत आलें होतें. कारखान्यांत मजुराच्या हालचाली मोजतात, तशीं घरांत राबणाऱ्या बाईचीं पावलें मोजावीं, हा त्यांतील विचार. दुसरा धडा आगगाडीच्या भोजनाच्या डब्यानें दिला. तेथें बोळकांडीएवढ्या जागेंत आचारी पुष्कळ उतारूंचें जेवण रांधीत असे.

१९२६ मध्यें सिद्ध झालेला त्यांचा नमुना सुमारें १.९ मीटर रुंद व ३.४४ मीटर लांब होता. खिडकीखालीं चिराचिरीचें मेज व त्यापुढें फिरतें आसन. मेजांतच केर लोटण्याची सोय. इस्त्रीची फळी भिंतीवरून खालीं पाडावी व काम होतांच उभी करावी. साखर-तांदळासाठीं ॲल्युमिनियमचे नांवें घातलेले खण, धान्य थेट ओततां येईल अशा घडणीचे. पिठाचा खण मात्र ओकच्या लांकडाचा, कारण त्यांतील तुरट द्रव्यामुळें पिठांत किडे होत नाहींत अशी योजना होती. निळ्या रंगावर माशा बसत नाहींत या समजुतीनें कपाटेंही निळसर रंगविलीं.

सुताराला मात्र येथें नवी विद्या शिकावी लागली. सुटें कपाट किंचित् कललें तर पायाखालीं चिपटी घालून भागतें. जडलेल्या ओळींतील एक कपाट ओळंब्यांतून सुटलें कीं पुढच्या सगळ्यांचे सांधे बिघडतात आणि शेवटचें दार लागत नाहीं. शिवाय भिंत गवंड्याची. ती गुण्यांत असेलच असें नाहीं. पाण्याचा नळ कोठें, गॅसची नळी कोठें, दार कोणीकडे उघडतें, हें लांकूड कापण्यापूर्वींच ठाऊक हवें.

आणखी एक पालट झाला, आणि तोच अधिक विचार करण्याजोगा आहे. या स्वयंपाकघराचा खर्च घराच्या खर्चांत धरून भाड्यांतून वसूल होई. पूर्वीं सुतार घरच्या बाईला विचारून कपाट करी; आतां त्याचें गिऱ्हाईक नगरपालिका झाली. असलीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें बसविलीं गेलीं. बायांचे कष्ट वांचावे हा हेतु निर्मळ होता, आणि पावलें वांचलीं हेंही खरें. पण पुष्कळ जणींना तें रुचलें नाहीं. दोघींनीं उभें राहावें एवढी जागा नाहीं. मुलीनें आईशेजारीं बसून भाजी निवडावी, तर बसावें कोठें? कित्येक घरांत लोकांनीं तेथेंच जेवणाचें मेज कोंबून पाहिलें. ज्यांच्यासाठीं हें सारें मोजलें, त्यांच्या संवयी मोजावयाच्या राहून गेल्या.

१९३० मध्यें माय व लिहोट्स्कीबाई सोव्हिएट रशियांत गेले. धंदा मात्र थांबला नाहीं. हॉलंडांत पीट झ्वार्ट यांनीं १९३८ मध्यें ब्रॉइन्झेल कारखान्यासाठीं सुट्या घटकांचें स्वयंपाकघर आंखलें. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत त्याचा मोठाच व्यापार झाला. लिहोट्स्कीबाई २००० सालापर्यंत जगल्या. फ्रँकफर्टचीं बहुतेक मूळ स्वयंपाकघरें भाडेकऱ्यांनीं व घरमालकांनीं पुढें उखडून टाकलीं. जीं उरलीं त्यांतील एक भिंतीपासून सोडवून न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत नेऊन ठेवलें आहे.