काचेच्या पेट्या आणि पुराव्याचे वजन

मानवी हक्क संघटनांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. कोणाला त्यांचा प्रत्येक अहवाल वेदवाक्य वाटतो, तर कोणाला तो परकीय कारस्थानाचा भाग वाटतो. या दोन्ही मतांना विचार करावयास लावील असे एक प्रकरण कुवेतच्या इतिहासात नोंदलेले आहे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले. तेथून एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांत गोमंतकातील व महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे होती, त्यामुळे ते दिवस वाचकांपैकी काहींच्या स्मरणात असतील.

त्याच वर्षी १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या मानवी हक्क गटासमोर नायिरा नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने रडत साक्ष दिली. इराकी सैनिकांनी रुग्णालयातील अर्भकांना काचेच्या पेट्यांतून काढून थंडगार फरशीवर मरण्यासाठी टाकले, असे तिने सांगितले. कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी तिचे आडनाव गुप्त ठेवण्यात आले. हा गट संसदेची अधिकृत समिती नसल्याने साक्ष शपथेवर नव्हती.

१९ डिसेंबरला अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालात अशा रीतीने दगावलेल्या अर्भकांचा आकडा ३०० हून अधिक दिला गेला. १९७७ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या संस्थेचा हा शब्द होता. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी तो वारंवार उद्धृत केला. १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धास संमती दिली. त्या चर्चेतही काही सदस्यांनी ही अर्भके पुढे केली होती.

कुवेत मुक्त झाल्यावर पत्रकार रुग्णालयांत पोहोचले, तेव्हा या कथेला आधार सापडला नाही. डॉक्टर व परिचारिका देश सोडून गेल्याने काही अर्भके दगावली होती, ही गोष्ट मात्र खरी होती. एप्रिल १९९१ मध्ये अॅम्नेस्टीने विश्वसनीय पुरावा मिळाला नसल्याचे मान्य केले. जानेवारी १९९२ मध्ये जॉन मॅकार्थर यांनी उघड केले की नायिरा ही कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती. तिची साक्ष घडवून आणण्यात हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीचा हात होता आणि त्या कंपनीला कुवेतच्या पैशाने चालणाऱ्या एका संघटनेने नेमले होते.

येथे हेतू कोणाचा दूषित होता? अॅम्नेस्टीला युद्ध हवे होते, असे मानण्यास आधार नाही. सद्दामच्या अत्याचारांविषयी तिने १९८० च्या दशकातही लिहिले होते, पण तेव्हा वॉशिंग्टनला ते वाचण्याची निकड भासली नव्हती. अॅम्नेस्टीचा दोष वेगळा होता. इराकी सैन्याने कुवेतमध्ये केलेल्या हत्या व छळ खरे होते, त्यामुळे त्या जोडीला आलेली ही कथाही खरी असणार, असे तिने गृहीत धरले. दुसरी मानवी हक्क संघटना मिडल ईस्ट वॉच हिने मात्र स्वतः तपास करून १९९२ मध्ये ही कथा खोडून काढली. संघटनांना सरसकट झोडपणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घेतली पाहिजे.

शासकीय सेवेत अनेक चौकशी अहवाल माझ्या टेबलावरून गेले. अहवाल लिहिणाऱ्याचा हेतू शोधण्याआधी मी तीन गोष्टी पाहत असे : साक्षीदाराने स्वतः काय पाहिले, आकडा कोणी मोजला आणि पडताळणी कोणी केली. कुवेतच्या प्रकरणात हे तीन प्रश्न युद्धापूर्वी आग्रहाने विचारले गेले नाहीत. दुरुस्ती प्रसिद्ध झाली, पण तोवर युद्ध लढून झाले होते. खोट्या ठरलेल्या त्या एका कथेमुळे कुवेतमध्ये खरोखर छळ सोसलेल्यांच्या साक्षींवरही पुढे संशयाची छाया पडली. या प्रकरणातील सर्वांत मोठे नुकसान त्यांचे झाले, असे मला वाटते.