तळटीप : ‘स्पिनिंग’ आणि ‘वाइंडिंग’

१२. ‘बाप स्पिनिंगला, आई वाइंडिंगला’ : लालबाग-परळच्या चाळीत ही गिरणीतल्या कामाची खाती. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढलेल्या कंपनीच्या नावातही ‘स्पिनिंग’ होतेच. ‘स्पिन’चा मूळ अर्थ सूत कातणे; कातताना चाती फिरते, म्हणून गरगर फिरणे हा अर्थ त्याला पुढे चिकटला. ‘ट्विस्ट’ म्हणजे पीळ देणे, ‘वाइंड’ म्हणजे कशाभोवती गुंडाळणे. ‘रोटेट’ आणि ‘रिव्हॉल्व्ह’ इंग्रजी बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी येतात. आपल्या शालेय भूगोलाने मात्र वाटणी चोख केली आहे : स्वतःभोवती ते परिवलन, दुसऱ्याभोवती ते परिभ्रमण. रिंग फ्रेमवर दोन्ही शेजारी दिसतात. बॉबिन घातलेली चाती जागच्या जागी फिरते. तिच्याभोवतीच्या कड्यावरून ‘ट्रॅव्हलर’ नावाची नखाएवढी धातूची कडी धावते. तिची एक फेरी म्हणजे सुताला एक पीळ. घर्षणामुळे ती चातीच्या किंचित मागे पडते आणि तेवढ्याच फरकाने सूत बॉबिनवर चढते. म्हणजे स्पिनिंगच्या पोटात थोडे वाइंडिंग असतेच. वाइंडिंग खात्यात हेच सूत बॉबिनवरून मोठ्या कोनावर जाई. तिथे बायका मोठ्या संख्येने असत. म्हणून संहितेत मूळ शब्द तसेच ठेवले आहेत. दोन्हींसाठी नुसते ‘फिरवणे’ लिहिले असते, तर आईबापांची खाती एक झाली असती.