मधविक्री, स्थानिक : महाराष्ट्रातील इतिहास

मधविक्री, स्थानिक : शेतावरील वा रानाजवळील मधपेट्यांतून काढलेला, न तापविलेला व केवळ गाळून घेतलेला मध उत्पादकाकडूनच विकत घेण्याची पद्धती. अशा मधास व्यवहारात ‘कच्चा मध’ म्हणतात. विदर्भात ‘शहद’ हा शब्दही रूढ आहे. महाराष्ट्रात मधाची विक्री फार जुनी असली, तरी पेटीतील मधाचा इतिहास जेमतेम पाऊणशे वर्षांचा आहे. त्यापूर्वी बाजारात येणारा जवळजवळ सर्व मध हा रानातील पोळी पिळून काढलेला असे. मधाच्या शुद्धतेविषयी गिऱ्हाइकाच्या मनात असलेला संशय त्या काळापासूनचा आहे आणि तो निराधार नव्हता.

सातपुड्यातील पचमढी परिसरात मध गोळा करणाऱ्या माणसांची चित्रे प्राचीन शैलाश्रयांत आढळतात. वैदिक वाङ्मयात मधाचे उल्लेख विपुल असून अतिथीच्या स्वागतासाठी मधुपर्क देण्याचा प्रघात होता. सुश्रुतसंहितेत पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक व दाल असे मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. हे वर्गीकरण मुख्यतः मध करणाऱ्या कीटकावरून केलेले असल्यामुळे मधाचा गुण त्याच्या उगमावर अवलंबून असतो, ही जाणीव त्यात दिसते. मध तापवू नये, असा आयुर्वेदाचा दंडक आहे. कच्च्या मधाला आज जी मागणी आहे, तिच्यामागे या दंडकाचा मोठा भाग आहे.

महाराष्ट्रात आग्या, सातेरी, फुलोरी व नांगी नसलेली पोयाची अशा मधमाश्या आढळतात (→ मधमाशी). आग्या माशी उंच झाडावर किंवा कड्यावर एकच मोठे उघडे पोळे बांधते. तिच्या एका पोळ्यातून कित्येक किग्रॅ. मध मिळत असल्यामुळे रानमधाचा व्यापार प्रामुख्याने तिच्यावर चाले. ती पेटीत राहत नाही. फुलोरीचे पोळे तळहाताएवढे व मध अत्यल्प. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते. म्हणून ती पेटीत नांदू शकते.

जुन्या पद्धतीत रात्री धूर किंवा जाळ करून माश्या हुसकावीत व सबंध पोळे कापून पिळीत. त्यामुळे मधात परागकण, मेण आणि अळ्यांचा रसही उतरे. असा मध लवकर आंबे व फसफसे. पोळ्यातील पिल्ले मरत, ती वसाहत बहुधा नष्ट होई आणि पुढील हंगामात त्या झाडावर मध मिळेलच याचा भरवसा नसे. विकणारा एकदा येऊन निघून जाणारा, घेणाराही अनोळखी. तेव्हा गूळपाणी मिसळण्यास आडकाठी कोणाची असणार?

यात मूलभूत बदल घडवून आणणारे शोध परदेशात लागले. १८५१ साली अमेरिकेतील लॅंगस्ट्रॉथ यांनी दोन पोळ्यांमध्ये माशी मोकळी सोडते तेवढे अंतर ओळखून काढता-घालता येणाऱ्या चौकटींची पेटी तयार केली. १८६५ मध्ये फ्रान्स फॉन ह्रुश्का यांनी केंद्रोत्सारी मधयंत्र दाखविले. चौकटीवरील मेणाची टोपणे सुरीने काढून ती यंत्रात फिरविली की मध बाहेर पडतो आणि पोळे शाबूत राहते. ते रिकामे पोळे माश्यांना परत देता येते. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये असे प्रयोग झाले; परंतु भारतीय माशीला मानवणारी लहान पेटी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी प्रचारात आणली. १९२८ च्या शेतकी आयोगाने या धंद्याची कुटिरोद्योग म्हणून शिफारस केली. १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे केंद्र विदर्भातच, वर्धा येथील मगनवाडीत होते आणि त्याने पुरस्कार केलेल्या ग्रामोद्योगांत मधमाशीपालनाचा समावेश होता. अहिंसेच्या दृष्टीने पिल्ले न मारता काढलेल्या मधाला तेथे विशेष महत्त्व होते.

महाराष्ट्रात हा धंदा रुजला तो मात्र सह्याद्रीत. १९४६ च्या सुमारास तत्कालीन मुंबई प्रांताच्या ग्रामोद्योग समितीने महाबळेश्वर परिसरात हे काम हाती घेतले. रानातील मोहोळांची माहिती असलेल्या स्थानिकांनाच ढोलीतील सातेरीची वसाहत पेटीत आणण्याचे शिक्षण देण्यात आले. ज्या हातांनी पोळी कापली जात, तेच हात मधपाळांचे झाले, ही या प्रयोगाची खरी कमाई होय. मधपाळांच्या सहकारी संस्थेने मध एकत्र करून विकण्याची व्यवस्था उभारली. पुढे महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरलाच राहिले, तर १९६२ मध्ये पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. जांभूळ, हिरडा, गेळा, तसेच सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी यांच्या मधाचे रंग व चवी निरनिराळ्या असतात, हे शहरी गिऱ्हाइकास प्रथम महाबळेश्वरच्या बाटल्यांनी शिकविले.

सातेरीच्या पेटीतून वर्षाकाठी मध बेताचाच मिळतो. तो वाढावा म्हणून युरोपीय माशी आणण्याचे प्रयत्न झाले आणि १९६२ पासून हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे त्यांना यश येऊ लागले. उत्तरेतील मोहरीच्या प्रदेशात ही माशी झपाट्याने पसरली. दक्षिणेत १९९१ नंतर ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणुजन्य रोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या. परिणामी बाजारातील मधाचा फार मोठा वाटा युरोपीय माशीकडे गेला. अनेक राज्यांतील मध एकत्र करून, तापवून व सूक्ष्म गाळणीतून काढून एकसारखा बाटलीबंद करण्याची पद्धत रूढ झाली. तापविल्याने किण्व मरतात व मध लवकर रवाळ होत नाही. परंतु त्यातील विकरे घटतात आणि उगमाची ओळखही पुसली जाते.

या अनामिक मधात भेसळ करणे सोपे ठरले. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने १३ व्यापारी नावांच्या मधाची तपासणी प्रसिद्ध केली. तीत केवळ ३ नावांचा मध सर्व कसोट्यांना उतरला. नेहमीच्या चाचण्यांना चकविणारे साखरपाक खास तयार केले जात असल्याचे तीतून उघड झाले. प्रयोगशाळेस चकविणारा पाक घरगुती परीक्षांना दाद देणार नाही, हे उघड आहे. पाण्यात तळाशी जाणे, कागदातून न झिरपणे, वात भिजवून पेटविणे, कुत्र्याने न चाटणे या परीक्षांवर लोकांचा विश्वास आजही असला, तरी त्यांना आधार नाही. मध रवाळ होणे हे तर भेसळीचे लक्षण मुळीच नव्हे. द्राक्षशर्करा अधिक असलेला अस्सल मध हटकून थिजतो, आणि अशा मधाच्या बरण्या परत करणारी गिऱ्हाइके चांगल्या मधपाळाचे नुकसान करतात.

उत्पादकाच्या दारी घेतलेल्या मधाचा लाभ येथे आहे. गिऱ्हाइकास पेट्या पाहता येतात, कोणता फुलोरा चालू होता हे विचारता येते आणि चौकटीतील घरे मेणाने बंद झाल्यावरच मध काढला की नाही, हेही कळते. टोपणे बसण्यापूर्वी काढलेला मध भेसळ नसतानाही पातळ असतो. पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले की तो प्रमाणात बसत नाही व आंबतो. कच्चा मध म्हणजे निर्दोष मध, असा समज मात्र करून घेऊ नये. नवजात बालकास मध चाटविण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. परंतु मधात विशिष्ट विषारी जंतूंचे बीजाणू असू शकत असल्यामुळे एक वर्षाखालील मुलांना कोणताही मध देऊ नये, असे आधुनिक वैद्यक सांगते.

१६ मे २०२२ रोजी महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावातही ही योजना आली. गावाच्या नावाने मध विकणे हा तिचा एक हेतू आहे.

सह्याद्रीतील हा नमुना वऱ्हाडात जसाच्या तसा बसत नाही. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात इंझोरीसारख्या गावी रानापेक्षा शेतच मोठे. तुरीचा फुलोरा पावसाळ्यानंतरचा, करडईचा हिवाळ्यातील. पुढे पळस, मोह व निंब उन्हाळ्यापर्यंत साथ देतात. सोयाबीन व कपाशीच्या हंगामात मात्र कीटकनाशकांची फवारणी दाट असते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. तेथे माश्यांची गणती कोणी केली नाही. परागीभवनाने तूर, करडई, सूर्यफूल यांस होणारा लाभ पुष्कळदा मधाच्या किंमतीहून अधिक असतो, पण तो पेटीच्या मालकापुरता राहत नाही, शेजाऱ्याच्या शेतातही जातो. फवारणीचे विषही तसेच बांध ओलांडते. म्हणून अशा गावी पेट्या ठेवणारास शेजाऱ्यांकडून फवारणीची आगाऊ सूचना मिळणे आवश्यक असते. फुलोऱ्यात फवारणी टाळता येत नसेल, तर ती संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर करतात व पेट्यांची दारे जाळीने बंद ठेवतात किंवा त्या काही दिवस दूर हलवितात.